कोयनेचा तडा, संगणकातला

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं कोयनानगर हादरलं, सुमारे १८० माणसं गेली, वसाहतच्या वसाहत कोसळली. पाटण-चिपळूण भागातल्या घरोघरी ही हकिकत अजून सांगितली जाते. धरणाचं काय झालं हे मात्र सहसा एका वाक्यात उरकलं जातं: धरण वाचलं. वाचलं हे खरंच. १०३ मीटर उंचीचा तो बांध उभा राहिला आणि शिवसागर जलाशय अडलेलाच राहिला. पण सांडव्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या कित्येक ब्लॉकांवर आडवे तडे गेले होते. पाण्याकडच्या बाजूला गेले, हवेकडच्या बाजूलाही गेले आणि दोन्हीकडे जवळपास त्याच उंचीवर. काही ब्लॉकांतून मागच्या अंगानं पाणी झिरपू लागलं, म्हणजे तडा आरपार गेला असावा, असा अंदाज निघाला.

या तड्यांनी पुढे जगभर नाव काढलं. चीन, इराण, तुर्कस्तान, कॅनडा, कुठेही काँक्रीट फुटण्याचं नवं गणित कुणी मांडलं की ते तपासायला हमखास घेतलं जातं कोयना धरण. कोयनेचं खोरं नकाशावर दाखवता येणार नाही अशा शेकडो संशोधकांना या धरणाचा काटछेद मात्र पाठ असतो: पायाशी ७० मीटर रुंदी, माथ्यावर १४.८ मीटर, आणि पायापासून ६६.५ मीटर उंचीवर हवेकडच्या उताराला एकदम पडलेला मोड. त्या मोडाला अभियंते ‘नेक’ म्हणतात. तडे गेले ते तिथेच.

भूकंपात तडकलेली काँक्रीटची मोठी धरणं जगात मोजकी आहेत. चीनमधलं शिनफेंगजियांग १९६२ साली तडकलं, इराणमधलं सेफिदरूद १९९० साली. कोयनेचं वेगळेपण असं की धरणाच्याच गॅलरीत, ‘१-ए’ या ब्लॉकमध्ये, भूकंपाची धक्कानोंद करणारं यंत्र चालू होतं. धरणाच्या लांबीच्या दिशेनं त्यानं गुरुत्वाच्या ०.६३ पट त्वरण नोंदवलं, पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेनं गुरुत्वाच्या निम्म्याच्या आसपास. धक्का किती बसला आणि तुटलं कुठे, ही दोन्ही माहिती एकाच धरणाची हाती असणं ही गणित करणाऱ्यांसाठी चैनच. रुरकीच्या जयकृष्ण, चंद्रशेखरन आणि सैनी यांनी या नोंदीचं विश्लेषण १९६९ साली प्रसिद्ध केलं आणि ती सगळ्यांना खुली झाली.

मुळात कोड्यात टाकणारी गोष्ट ही की रूढ हिशोबानं तडा तिथे जायलाच नको होता. धरणाचा आराखडा ०.०५ हा भूकंप-गुणांक धरून झाला होता. म्हणजे धरणाच्या वजनाच्या पाच टक्के बळ बाजूनं सतत लावायचं आणि उभं राहतं का ते पाहायचं. पाण्याच्या वाढीव दाबासाठी वेस्टरगार्डचं १९३३ चं सूत्र होतं. या हिशोबात काळजीची जागा पायाशी असते. वरच्या भागात म्हणण्यासारखा ताण येतच नाही.

याचं उत्तर अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून आलं, आणि ते तिथूनच येणं स्वाभाविक होतं. कुठलाही पदार्थ छोट्या छोट्या तुकड्यांत विभागून त्याचं गणित करायची पद्धत टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ साली विमानाच्या पंखांसाठी मांडली होती. १९६० साली बर्कलीच्या रे क्लफ यांनी तिचं ‘फायनाइट एलिमेंट’ असं बारसं केलं. स्थापत्यात ही पद्धत पहिल्यांदा नावारूपाला आली तीही एका तडकलेल्या धरणामुळे. अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या नॉरफोर्क धरणाला बांधकामाच्या वेळीच तापमानामुळे उभा तडा गेला होता, आणि तो तडा धरूनच क्लफ आणि विल्सन यांनी १९६२ साली धरणातले ताण काढून दाखवले. कोयना हादरली त्याच १९६७ साली बर्कलीच्याच न्गो आणि स्कॉर्डेलिस यांनी तुळईतला तडा या पद्धतीत बसवला: तडा जिथे आहे तिथे तुकड्यांची जोड सोडून द्यायची. दुसऱ्या वर्षी रशीद यांनी वेगळी वाट काढली. जोड सोडायची नाही, तुकड्याची ताठरताच तड्याच्या आडव्या दिशेनं काढून घ्यायची. म्हणजे तडा एका रेषेत न दाखवता तुकडाभर पसरवायचा. या दोन वाटांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

बनारस हिंदू विद्यापीठातून बर्कलीला गेलेले अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रबर्ती यांनी १९७३ साली कोयनेचा निकाल लावला. त्यांच्या गणितात तडा नव्हताच. काँक्रीट कितीही ताणलं तरी तुटत नाही असं धरलेलं होतं. तरीही चित्र स्पष्ट झालं. धरण ताठ खांबासारखं एकसारखं हलत नाही, त्याचा माथा पायापेक्षा कितीतरी जास्त झुलतो. कोयनेच्या ब्लॉकचा एक पूर्ण झोका सुमारे एक तृतीयांश सेकंदाचा. वरच्या जड भागाचा तो झोका अंगावर घेतो अरुंद नेक, आणि उताराच्या मोडामुळे ताण नेमका तिथे एकवटतो. काढलेला ताण काँक्रीटच्या ताण सोसण्याच्या ताकदीच्या दुप्पट-तिप्पट निघाला. पाच टक्क्यांच्या ठरीव बळाचा हिशोब का चुकला, याचं इतकं नेमकं उत्तर देणारे लेख कमी असतात. माझ्या मते कोयनेवर लिहिलेल्या सगळ्यातला हाच सर्वांत महत्त्वाचा लेख, आणि त्यात तड्याचं गणित शून्य आहे!

खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. ताण ताकदीच्या पुढे गेला, तडा सुरू झाला. तो किती जाणार? रशीद यांच्या वाटेनं गेलं तर एक विचित्र प्रकार दिसे. तुकडे बारीक केले की उत्तर बदले, आणखी बारीक केले की आणखी बदले. तडा नेहमी तुकड्यांच्या एकाच रांगेत एकवटतो आणि तुटताना लागणारी ऊर्जा त्या रांगेच्या जाडीवर मोजली जाते. रांग अर्ध्या जाडीची केली की तोडायला ऊर्जाही अर्धीच. शेवटी तुकड्यांची जाळी पुरेशी बारीक केली तर धरण फुकटात फुटावं! काँक्रीटच्या स्वभावापेक्षा संशोधकानं निवडलेल्या जाळीचाच तो गुण होता.

यावर उपाय होता तो १९२०-२१ सालचा. ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून सांगितलं होतं की तडा वाढायला नवा पृष्ठभाग तयार होण्याइतकी ऊर्जा मोजावी लागते. पण काँक्रीट काचेसारखं कडकन तुटत नाही. तड्याच्या टोकापुढे बारीक भेगांचा एक पट्टा असतो, खडी अजून दोन्ही बाजू धरून असते, आणि ओढ हळूहळू सुटत जाते. स्वीडनमधल्या लुंड इथे हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली हे सुटणंच गणितात आणलं; बाझांत आणि ओ यांनी १९८३ साली ते पसरलेल्या तड्याला लावलं. तुकडा कितीही लहान असो, चौरस मीटरभर तडा उघडायला ऊर्जा तेवढीच लागली पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं. आज हे उघड वाटतं. त्याआधीच्या कित्येक वर्षांच्या आकृत्या मात्र या नजरेनं पुन्हा पाहाव्या लागतात.

पुढचा ओघ भराभर सांगता येईल. १९८० साली निवा आणि क्लफ यांनी थरथरत्या मेजावर धरणाच्या छोट्या प्रतिकृती हलवून पाहिल्या. १९९० च्या दशकात सौमा, भट्टाचारजी आणि लेजे, घ्रिब आणि टिनावी असे एकामागून एक लेख आले, आणि प्रत्येकात कोयना. १९९८ साली ली आणि फेनव्हेस यांनी बार्सिलोनाच्या गटाच्या कामावर उभारलेली रीत मांडली. पुढेमागे हलताना तडा उघडतो, मिटतो, मिटल्यावर दाब सोसतो, हे सगळं तिच्यात होतं. तीही कोयनेवरच तपासली गेली. ‘अ‍ॅबॅकस’ या सॉफ्टवेअरनं ती उचलली, उदाहरणांच्या पुस्तिकेत कोयना धरण आलं, आणि तेव्हापासून कोयना हा विद्यार्थ्यांचा स्वाध्याय झाला.

त्या पुस्तिकेतले आकडे बघण्यासारखे आहेत. काँक्रीटची ताठरता ३१,०२७ मेगापास्कल, घनता घनमीटरला २,६४३ किलो. इतके काटेकोर आकडे पाहून वाटावं की कुणी कोयनेचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन मोजला. गुणाकार करून पाहिला की उलगडतं. ४५ लाख पौंड प्रति चौरस इंच आणि १६५ पौंड प्रति घनफूट हे गोल आकडेच मेट्रिकमध्ये आणलेले आहेत. अंदाजाला दशांशांचा पोशाख चढला आणि तो पंचवीस वर्षं लेखामागून लेखात तसाच फिरतो आहे.

मला खटकतं ते याहून मोठं. कोयनेचं धरण साध्या काँक्रीटचं नाहीच, ते रबल काँक्रीटचं आहे: काँक्रीटमध्ये मोठमोठे काळे दगड रचून भरलेलं. नेहमीच्या काँक्रीटपेक्षा ते जड निघतं, यात सह्याद्रीच्या कातळाचा वाटा आहे. अशा पदार्थात तडा दगडाला वळसा घालून जातो की सांध्यानं सरळ निघतो, आणि त्याला किती ऊर्जा लागते, यावर सगळं अवलंबून. तरीही गणितात पदार्थ सगळीकडे एकजिनसी. शिवाय नोंद घेणारं यंत्र काठाजवळच्या वेगळ्या ब्लॉकमध्ये होतं, आणि ती नोंद उंच ब्लॉकच्या पायाला लावली जाते.

आणि परीक्षा म्हणून हा पेपर सोपाच आहे. उत्तर आधीच फुटलेलं. उताराला एवढा तीव्र मोड असल्यावर जवळपास कुठलंही गणित तडा नेकपाशीच दाखवणार. एक्सएफईएम, फेज फील्ड अशा तड्याच्या गणिताच्या नव्या रीती आल्या; तडा तिथेच. ‘प्रत्यक्षाशी उत्तम जुळतं’ हे वाक्य मग लेखाच्या शेवटी येतं. फरक पडतो तो इतरत्र. हवेकडून निघालेला तडा आत खाली वळून पाण्याच्या बाजूला पोचतो की थांबतो? पायाच्या टाचेशी दुसरा तडा जातो का? पुराव्यादाखल बहुतेक लेखांत पृष्ठभागावरच्या तड्यांची उंची आणि झिरपलेलं पाणी एवढंच असतं. म्हणून दोन परस्परविरोधी आकृत्या एकाच वेळी ‘जुळू’ शकतात. खऱ्या धरणाला दरम्यान मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले गेले, पुढे सांडव्याचा भागही बळकट केला गेला. संगणकातलं धरण मात्र १९६७ सालीच थांबलं आहे.

अलीकडचा एक प्रश्न मला या साऱ्यापेक्षा कसदार वाटतो. तडा पाण्याकडच्या बाजूला क्षणभर उघडतो आणि पुढच्या झोक्याला मिटतो. त्या क्षणात पाणी आत शिरतं का? शिरलं तर मिटताना ते कोंडून तड्याला आतून रेटतं का? स्लोविक आणि सौमा यांनी २००० साली दाखवलं की तडा किती वेगानं उघडतो त्यावर आतला दाब ठरतो; झटकन उघडला तर पाणी मागे राहतं. कोयनेवरच्या बहुतेक गणितांत हा दाब एकतर शून्य असतो किंवा पूर्ण. मधलं काही धरायचं तर पाणी, तडा आणि काळ यांचं गणित एकत्र सोडवावं लागतं, आणि तसं करणारे लेख अजून थोडे आहेत. झिरपणाऱ्या पाण्याचा पुरावा खरा उपयोगी पडेल तो याच गणिताला.