कप्तान नेमका कुठे बघतो?

टीव्हीवरच्या काल्पनिक यानातली लिफ्ट कुठे आहे, यावर लोक पन्नास वर्षे वाद घालतात म्हटले की कुणालाही हसू येईल. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ अशी तीनच वर्षे चालली, पण तिच्यातल्या ‘एंटरप्राइझ’ यानाच्या रचनेवरचा काथ्याकूट काही थांबत नाही. त्याला रिकामटेकडेपणा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. मला मात्र हा पुराव्यानिशी विचार करण्याचा उत्तम सराव वाटतो, कारण इथे कुणाचा शब्द अंतिम नसतो आणि प्रत्येकाला आपल्या मताचा आधार दाखवावा लागतो.

लिफ्टचेच बघा. यानाच्या गोल नियंत्रण कक्षात लिफ्टचे दार कप्तानाच्या बरोबर पाठीशी नाही. ते मागे, डाव्या हाताला आहे. बाहेरच्या प्रतिकृतीवर मात्र कक्षाच्या घुमटामागे एक नळकांडे दिसते, तेही अगदी मध्यरेषेवर. ते लिफ्टचे असेल तर आतले आणि बाहेरचे जुळत नाही. विमान-उद्योगात आरेखक असलेल्या फ्रान्झ जोसेफ यांनी १९७५ च्या आपल्या नकाशांत तोड काढली: सगळा कक्षच ३६ अंशांनी फिरवला. लिफ्ट जागेवर बसली, पण कप्तान यानाच्या नाकाच्या दिशेने बघेनासा झाला! विरोधकांनी विचारले, मग पडद्यावर समोरून येणारे तारे कुठले? काहींनी नळकांडे लिफ्टचे असल्याचेच नाकारले. प्रत्येक उत्तर एक अडचण सोडवते आणि दुसरी उभी करते. कोणती पत्करायची ते मात्र कारण देऊन सांगावे लागते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, सेट चित्रीकरणाच्या सोयीने बांधला, प्रतिकृती वेगळ्या कारागिरांनी केली. मेळ बसणार कसा? आक्षेप खरा आहे. ‘गॅलिलिओ’ हे छोटे यान संवादात २४ फुटांचे आहे आणि त्याच्या आत माणसे ताठ उभी राहतात. बाहेरचा सांगाडा पाहता ते शक्यच नाही. पण ‘हे असे का बनवले’ आणि ‘त्या जगात हे कसे असेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि जाणकार चाहते त्यांची गल्लत करत नाहीत. शिवाय सगळेच सोयीखातर झालेले नव्हते. आरेखक मॅट जेफ्रीज यांना विमानांची चांगली जाण होती. एवढी प्रचंड शक्ती माणसांजवळ असणे धोक्याचे, म्हणून त्यांनी इंजिने लांब दांड्यांवर नेली. आरेखकानेच असा विचार केला असेल, तर प्रेक्षकाने का करू नये?

दुसरा आक्षेप, या नादात कथा बाजूला पडते. पडतेही कधीकधी, नवा प्रेक्षक पात्रांबद्दल बोलू लागला की त्याला खिडक्या मोजायला लावणारे महाभाग आहेतच. तो दोष मान्य. पण याच चिकित्सक नजरेचा प्रत्यक्ष उपयोगही झाला. चित्रीकरणातली सुमारे ११ फुटांची मूळ प्रतिकृती १९७४ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे आली. १९९१ च्या दुरुस्तीत तिच्यावर पत्र्यांचे जोड ठळक रंगवले गेले, ते अनेक चाहत्यांना मुळीच पटले नाही. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी संग्रहालयाने लोकांकडे जुनी छायाचित्रे मागितली आणि २०१६ मध्ये प्रतिकृती चित्रीकरणाच्या काळातल्या रूपात पुन्हा मांडली.

तिची डावी बाजू अपुरी आहे. दिव्यांच्या वायरी तिथून आत जात, म्हणून कॅमेरा उजव्या अंगालाच असे. यान उलट दिशेने जाताना दाखवायचे झाले, तर अक्षरे उलटी चिकटवून चित्रण करत आणि फिल्म उलटवत. कथेतल्या यानाला डावीकडे खिडक्या आहेत, संग्रहालयातल्या वस्तूला नाहीत, आणि दोन्ही विधाने खरी आहेत.