गल्लीतला स्पीड ब्रेकर खरंच काम करतो का? मोबाईलवर असं तपासा

नागपूरच्या ले-आऊटमध्ये गुळगुळीत सिमेंट रोड झाला की गाड्या सुसाट सुटतात आणि स्पीड ब्रेकरची मागणी सुरू होते. पण नुसता उंचवटा टाकून भागतं का? चला, पाहूया.

वेगाचं गणित
गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढते. म्हणजे ३० ऐवजी ५० च्या वेगाने आलेल्या गाडीत जवळपास पावणेतीन पट ऊर्जा असते. रस्त्यावर खेळणाऱ्या पोरासाठी हा फरक जिवाचा आहे.

ब्रेकर कसा हवा?
इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीतला गोलाकार ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि गाडीच्या दिशेने ३.७ मीटर रुंद असतो. तो ताशी २५ किमीच्या आसपास आरामात ओलांडता येतो. मला गल्ल्यांमध्ये दिसतात ते मात्र अरुंद, उभट आणि बिनरंगाचे. रात्री असा ब्रेकर दिसला नाही की टू-व्हीलरवाला आपटतो. शिवाय ब्रेकर एकटाच असेल तर लोक तो ओलांडून पुन्हा ॲक्सिलरेटर पिळतात. म्हणून ठराविक अंतरावर ब्रेकरची मालिका लागते. लंडनमध्ये अख्खे भाग ताशी ३२ किमीचे केले, तेव्हा १९८६ ते २००६ च्या आकडेवारीनुसार तिथले अपघातग्रस्त सुमारे ४२ टक्क्यांनी घटले.

नागपूरचा प्रयोग
२०२१ मध्ये आपल्याकडे ‘आय-रास्ते’ प्रकल्प सुरू झाला. त्यात मनपाच्या बसमध्ये कॅमेरे लावले. ते ड्रायव्हरला सावध करतात आणि वारंवार धोका दिसणाऱ्या जागाही त्यातून शोधता येतात. पण बस तुमच्या गल्लीत येत नाही. तिथे तुमचा फोन कामी येतो.

असं मोजा
१. फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या. ते फोनमधला ॲक्सिलरोमीटर वापरतं.
२. फोन मागे बसलेल्याकडे द्या. चालवणाऱ्याने हात लावायचा नाही!
३. ब्रेकरआधी, ब्रेकरवर आणि ५० मीटर पुढे जीपीएसचा वेग नोंदवा. जीपीएस थोडं मागे राहतं, म्हणून चार-पाच फेऱ्या मारा.

कमी वेगातही आलेखात उंच टोक आलं, तर ब्रेकर फार उभट असू शकतो. पुढे वेग लगेच वाढला, तर एका ब्रेकरने भागत नाहीये. आकडे, फोटो आणि लोकेशन जोडून मनपाकडे अर्ज करा. ‘ब्रेकर द्या’ म्हणण्यापेक्षा ‘इथे असा ब्रेकर हवा’ हे सांगणं जास्त वजनदार असतं.