जुनी मारुती आणि रविवारची वीस मिनिटं

मैत्रिणींनो, कुकरची शिटी वाजेनाशी झाली की आपण काय करतो? शिटी काढून भोकात अडकलेला डाळीचा कण काढतो, गॅस्केट सैल झालं असेल तर नवं आणतो. कुणाची वाट पाहत बसत नाही. मग दारातल्या गाडीचं बॉनेट उघडायची वेळ आली की ‘हे येऊ देत, मग बघू’ असं का म्हणतो बरं?

मीही कितीतरी वर्षं हेच म्हणत होते. आमची मारुती ८०० आहे २००७ सालची. ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ती मीच चालवते, पण ‘आतलं काम’ मात्र ह्यांचं, असं घरात ठरूनच गेलेलं. २०२३ च्या मे महिन्यात सासूबाईंना घेऊन ट्रॉम्बेहून वाशीला नणंदेकडे निघाले. दुपारची वेळ. मानखुर्दला गर्दीत अडकलो आणि खाडीपुलावर चढताना उष्णतेचा काटा लाल रेघेकडे सरकलेला दिसला. मनात म्हटलं, एवढा पूल ओलांडू आणि मग थांबू. पुलाच्या मधोमध बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. शेजारून ट्रक धडधडत चाललेले, डोक्यावर ऊन, आणि सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या! त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, नुसता माझा हात धरून बसल्या. तेच मला जास्त लागलं.

कारण निघालं किती क्षुल्लक! रेडिएटरच्या रबरी पाइपाची क्लिप सैल झाली होती. महिनाभर गाडीखाली ओला डाग दिसत होता. मी समजत होते, एसीचं पाणी असेल. मेकॅनिक म्हणाला, “ताई, काटा वर गेला तेव्हाच थांबला असतात तर क्लिपवर भागलं असतं.” आता हेड गॅस्केट गेलं होतं. बिल झालं आमच्या दोन महिन्यांच्या वाणसामानाएवढं.

घरात सगळे म्हणाले, काढून टाका आता ही गाडी. मी म्हटलं, दोष गाडीचा नाही, आपल्या दुर्लक्षाचा आहे. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी वीस मिनिटं मी गाडीला देते.

गाडी साधी, म्हणून आपल्या आवाक्यातली

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली. ७९६ सी.सी.चं तीन सिलिंडरचं इंजिन आणि हलकं अंग, म्हणून पेट्रोल बेताचं लागायचं. मध्यमवर्गीय घरात पहिली गाडी आली ती बहुधा हीच. प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर एप्रिल २०१० पासून मुंबईत तिची विक्री थांबली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनही बंद झालं. म्हणजे आज मुंबईत जी ८०० धावते ती बहुतेक पंधरा वर्षांच्या पुढचीच. या वयात माणसाला लागते तशी तिलाही थोडी नियमित विचारपूस लागते, इतकंच.

सुरुवातीला एक सूचना

पदर किंवा ओढणी नीट खोचून घ्या. बांगड्या, अंगठी, लोंबणारं मंगळसूत्र काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांना धातू एकदम टेकला तर ठिणगी उडते, चटका बसतो. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. इंजिन तापलेलं असलं तर तो आपोआप सुरू होऊ शकतो. म्हणून काम सकाळी, गाडी गार असतानाच करा.

रविवारची कामं

१. कूलंट. रेडिएटरजवळच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर दोन खुणा असतात, पातळी त्यांच्यामध्ये हवी. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आत कुकरसारखाच दाब असतो. त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. नळाचं पाणी घालू नका. गीझरमध्ये क्षार साठतात तसे ते इथेही साठतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा. आणि गाडीखालचा डाग कागदानं टिपून पाहा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, तर कूलंट रंगीत आणि बुळबुळीत. ते विषारी असतं, तेव्हा मुलं आणि मांजरं यांच्यापासून दूर ठेवा.

२. इंजिन ऑइल. गाडी सपाट जागी उभी करा. ऑइलची पट्टी काढा, फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. ते काळं दिसलं तर घाबरू नका, कामाला लागलेलं ऑइल काळं होतंच. पण दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.

३. टायर. हवा टायर गार असताना भरा. किती भरायची ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. हवा कमी असली की टायर कडांनी झिजतो आणि पेट्रोल जास्त जातं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ‘२३१९’ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसली तरी जुन्या टायरच्या रबराला भेगा पडतात. स्टेपनीही पहा. ती आपण माळ्यावरच्या पातेल्यासारखी विसरतो!

४. बॅटरी. टोकांवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर आधी उणे खुणेची तार सोडा, मग अधिक खुणेची. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करून तारा उलट क्रमानं लावा आणि वर व्हॅसलिनचा हात फिरवा.

५. एअर फिल्टर. महिन्यातून एकदा काढा आणि हलकेच आपटून धूळ झटका. ओला करू नका. फार काळा पडला असेल तर बदला. तो तुंबला की इंजिनाला श्वास घेता येत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तर पेट्रोल लगेच जास्त जळतं.

६. गंज. आमच्या ट्रॉम्बेला खाडीची खारी हवा, वर पावसाचे चार महिने. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. पाला-माती अडकून ती बुजली की पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून कुजतो. पावसाळ्याआधी ती काडीनं मोकळी करा. पायाखालची मॅट उचलून खालचं ओलं कापड उन्हात वाळवा.

७. पेट्रोलच्या नळ्या. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. नळी फुगली, चिरली किंवा पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू करू नका, लगेच मेकॅनिकला दाखवा.

हिशोबाची वही

टाकी पूर्ण भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरा. समजा गाडी ३०० किलोमीटर चालली आणि १६ लिटर पेट्रोल लागलं, तर लिटरला पावणेएकोणीस किलोमीटर पडले. हा आकडा एकदम घसरला तर हवा, फिल्टर किंवा प्लग पाहा. अंगात कणकण आली की आपण ताप मोजतो ना, तसंच हे. शेजारीच बदललेल्या भागाची तारीख लिहा. “मागच्या दिवाळीत प्लग बदललेत, आता पुन्हा कशाला?” असं तुम्ही विचारलंत की गॅरेजवाला आपोआप नीट बोलायला लागतो. माझा अनुभव आहे!

इथे हात लावू नका

ब्रेक, स्टिअरिंग आणि पेट्रोलच्या नळ्या जाणकारावर सोपवा. ब्रेकच्या तेलाची पातळी तेवढी पाहा. ते कमी झालं किंवा पेडल स्पंजासारखं खाली गेलं, तर गाडी बाहेर काढू नका. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. काटा लाल रेघेकडे गेला तर माझ्यासारखं ‘एवढा पूल ओलांडू’ म्हणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या.

कागदपत्रं

पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं. वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ऑगस्ट २०२५ पासून १०,००० लागतात. महाराष्ट्रात पर्यावरण करही असतो. जुन्या गाडीचं पीयूसी दर सहा महिन्यांनी करा आणि विम्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आमच्या भागाचं आर.टी.ओ. वडाळ्याला आहे. तपासणीला नेण्याआधी दिवे, हॉर्न, वायपर घरीच पाहून घ्या, म्हणजे दुसरा हेलपाटा नको.

एक दिवस ही गाडीही सोडावी लागेल, हे मला ठाऊक आहे. खालचा पत्रा आरपार कुजला तर मोह धरू नये. नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावं आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. पण तोवर ती नीट चालावी, ही जबाबदारी आपली.

परवा पुन्हा वाशीला निघालो. सासूबाई गाडीत बसल्या आणि बसता बसता म्हणाल्या, “पाणी पाहिलंस ना गं?” म्हटलं, “पाहिलं हो, सकाळीच.” मग त्या निवांत टेकून बसल्या आणि पूल यायच्या आधीच त्यांचा डोळा लागला.