विश्लेषण : मज्जातंतूंच्या वेदनेवरील गोळी सुरक्षितपणे कशी घ्यावी?

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची होणारी आग, नागीण बरी झाल्यानंतरही कुशीत बसणारे विजेसारखे झटके, कमरेतून पायापर्यंत जाणारी सणक... अशा तक्रारींवर डॉक्टर अनेकदा प्रिगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन लिहून देतात. ही औषधे उपयुक्त असली, तरी ती डोकेदुखीच्या गोळीसारखी दुखेल तेव्हा घ्यायची आणि थांबले की सोडायची नसतात. कर्जत-खालापूरमध्ये बोरघाटातून गाडी चालवणारे, खोपोलीच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारे आणि पावसात भातखाचरांच्या निसरड्या बांधांवरून चालणारे रुग्ण आहेत. त्यांच्यासाठी या गोळीचे नियम समजून घेणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

मज्जातंतूंची वेदना वेगळी कशी?

मार लागला किंवा सांधा सुजला की तेथील मज्जातंतू मेंदूला दुखण्याचा निरोप देतात. मज्जातंतूंच्या वेदनेत निरोप देणारी तारच बिघडलेली असते. त्यामुळे जखम नसतानाही आग, मुंग्या, टोचल्यासारखे दुखणे किंवा बधिरपणा जाणवतो. दीर्घकाळचा मधुमेह, नागीण, मणक्यात दबलेली नस, मद्यपान आणि ब जीवनसत्त्व १२ ची कमतरता ही त्याची नेहमीची कारणे. मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही ही कमतरता आढळू शकते. अशा वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा परिणाम होत नाही.

हे औषध नेमके काय करते?

प्रिगॅबालिन आणि गॅबापेन्टिन ही मुळात फेफऱ्यावर वापरली जाणारी औषधे. गॅबापेन्टिनला अमेरिकेत १९९३ मध्ये, तर प्रिगॅबालिनला २००४ मध्ये मान्यता मिळाली. मज्जातंतूंच्या टोकांशी असलेल्या कॅल्शियमच्या मार्गांवर ती काम करतात आणि वेदनेचा संदेश पुढे नेणाऱ्या रसायनांचा स्राव कमी करतात. म्हणजेच वेदनेचा आवाज कमी होतो, पण बिघडलेली तार दुरुस्त होत नाही. त्यासाठी रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे, जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढणे, दारू सोडणे, असे मूळ कारणावरचे उपाय सुरूच ठेवावे लागतात. परिणाम कळण्यास एक-दोन आठवडे, काही वेळा त्याहून अधिक काळ लागतो. सर्वांनाच आराम पडतो असेही नाही. पुरेसा काळ घेऊनही फरक पडला नाही, तर स्वतःहून मात्रा वाढवण्याऐवजी औषध बदलण्याबाबत डॉक्टरांना विचारावे.

सुरुवातीच्या दिवसांत काय काळजी घ्यावी?

गुंगी आणि चक्कर हे सर्वाधिक आढळणारे त्रास. ते पहिल्या काही दिवसांत आणि मात्रा वाढवल्यावर अधिक जाणवतात. म्हणून डॉक्टर बहुधा रात्रीच्या लहान मात्रेने सुरुवात करतात. शरीरावर काय परिणाम होतो हे कळेपर्यंत दुचाकी, ट्रक किंवा ट्रॅक्टर चालवू नये. घाटातील उतारावर डोळा लागण्यास एक क्षण पुरतो. यंत्रावर काम करणाऱ्यांनी किंवा रात्रपाळी असणाऱ्यांनी डॉक्टरांना तसे आधीच सांगावे, म्हणजे गोळीची वेळ त्यानुसार ठरवता येते. ज्येष्ठांनी रात्री लघवीला उठताना आधी अंथरुणावर क्षणभर बसावे, मग उभे राहावे. वाटेत दिवा असावा. या वयात घसरून खुब्याचे हाड मोडणे हे मूळ दुखण्यापेक्षा महागात पडते. पायांवर सूज, वजन वाढणे आणि धूसर दिसणे हेही त्रास होऊ शकतात. हृदयविकार असणाऱ्यांनी सूज दिसताच डॉक्टरांना कळवावे.

कशासोबत घेऊ नये?

सर्वांत मोठा धोका मिश्रणात आहे. दारू, मग ती दुकानातील असो वा हातभट्टीची, झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांच्यासोबत ही गोळी घेतल्यास गुंगी वाढते आणि श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये याबाबत इशारा दिला होता. दमा, फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांना आणि वृद्धांना हा धोका अधिक असतो. गॅबापेन्टिन घेणाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले आम्लपित्ताचे औषध घेतल्यास दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

दुसरी चूक नकळत होते. गावातल्या डॉक्टरांची एक चिठ्ठी, कल्याण किंवा पनवेलच्या तज्ज्ञांची दुसरी. दोन पाकिटांवरची नावे वेगळी, पण आतले औषध एकच! बाजारात प्रिगॅबालिनसोबत मिथाइलकोबालामिन किंवा नॉरट्रिप्टिलिन एकत्र केलेल्या गोळ्याही मिळतात. नॉरट्रिप्टिलिन हे प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना अडचणीचे ठरू शकते. त्यामुळे कंपनीचे नाव पाहून थांबू नये. घटक आणि मिलिग्रॅम वाचावेत. घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून प्रत्येक भेटीत डॉक्टरांना दाखवणे हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

मूत्रपिंडाची तपासणी का?

ही दोन्ही औषधे बहुतांशी मूत्रावाटेच शरीराबाहेर पडतात. मूत्रपिंड मंदावले असेल तर नेहमीची मात्राही शरीरात साचत जाते. मग बोलणे अडखळते, तोल जातो, माणूस दिवसभर झोपलेला राहतो आणि घरच्यांना ते वय झाल्याचे लक्षण वाटते. मधुमेह आणि रक्तदाब यांमुळे मूत्रपिंडाचे काम कमी होऊ शकते. म्हणून औषध सुरू करताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. शेजाऱ्याला लागू पडलेली मात्रा आपल्याला चालेलच असे नाही, ते यामुळेच.

गोळी अचानक बंद केली तर?

दुखणे थांबले किंवा पाकीट संपले म्हणून एका दिवसात औषध तोडणे धोक्याचे आहे. झोप उडणे, घाम, मळमळ, अस्वस्थता, वेदना उसळून येणे असे त्रास होतात. काहींना, विशेषतः फेफऱ्याच्या रुग्णांना, झटकेही येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान आठवडाभरात आणि औषध बराच काळ घेतले असल्यास त्याहून हळू उतरवावी लागते. पावसाळ्यात वाडी-वस्तीवरून कर्जत किंवा खोपोली गाठणे अवघड होते. त्यामुळे पाकिटात आठवडाभराच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची सोय करावी. एखादी वेळ चुकली तर आठवण होताच गोळी घ्यावी, मात्र पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असल्यास चुकलेली सोडून द्यावी. दोन मात्रा एकदम घेऊ नयेत. हळूहळू विरघळणारी गोळी चावू किंवा कुटू नये.

चिठ्ठीशिवाय घेण्यास हरकत काय?

प्रिगॅबालिन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे औषध आहे. जास्त मात्रेत त्याची नशा होते आणि सवयही लागू शकते. ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून ही दोन्ही औषधे नियंत्रित पदार्थांच्या यादीत घातली. पंजाबमधील काही जिल्ह्यांत प्रशासनाने ७५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक मात्रेच्या कॅप्सूलच्या विक्रीवर निर्बंध घातले. याचा अर्थ गरजूंनी घाबरून औषध सोडावे असा नाही. जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षे चालवू नये, आपली गोळी दुसऱ्याला देऊ नये आणि पाकीट मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे, एवढाच त्याचा अर्थ.

तातडीने मदत कधी घ्यावी?

रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास मंद किंवा उथळ झाला असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा चेहरा, जीभ, गळा सुजला असेल, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात जाताना गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. या औषधांमुळे क्वचित मन खूप उदास होते, जीव नकोसा वाटण्याचे विचार येतात. तसे झाल्यास घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच सांगावे. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावरही मदत मिळते. गर्भवती किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या महिलांनी औषध घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. आधीच घेत असल्यास ते आपल्या मनाने तोडू नये.