रुळाच्या माथ्याखाली

कुर्डुवाडी स्टेशनात गाडीची वाट पाहत असाल तर समोरचा रूळ नीट बघा. बाजू गंजकी तांबूस, माथा मात्र आरशासारखा. पोलादाची खरी उलथापालथ त्या चकाकीखालीच चालते.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये इथूनच निघाली. रूळ अडीच फुटी, एका आसावर भार फक्त 5 टन. आज भरलेल्या मालगाडीचे एकेक चाकच 10 टनांवर भार टाकते, आणि तोही जेमतेम नखाएवढ्या जागेवर.

रुळाचे पोलाद म्हणजे स्फटिकांचे बारीक दाणे. प्रत्येक दाण्यात लोखंड आणि लोह-कार्बाइड यांचे पापुद्रे, चिरोट्यासारखे एकाआड एक. चाकाखाली स्फटिकातले अणू सरकतात, पण सगळे एकदम नाही. पंढरपूरची दर्शनबारी आठवा: पुढचा पाऊलभर सरकतो, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. मोकळी जागा मागे मागे जाते आणि रांग पुढे. स्फटिकातली अशी जागा म्हणजे ‘विस्थापन’. ही कल्पना टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी 1934 मध्ये वेगवेगळी मांडली. अशा असंख्य रांगा एकमेकींत अडकल्या की सरकणे थांबते. धातू कडक होतो.

बांधकामाची काळी तार वाकवून पाहा. पुन्हा पुन्हा वाकवली की ती ताठरते, शेवटी तुटते. मुळात ती मऊ असते, कारण कारखान्यात ओढून बारीक केल्यावर तिला भट्टीत तापवलेले असते. त्या उष्णतेत चेंगरलेल्या दाण्यांच्या जागी नवे, सुटसुटीत दाणे उगवतात. तांबट भांडे ठोकता ठोकता मध्येच विस्तवावर का धरतो, त्याचे उत्तर हेच.

रुळाला अशी विश्रांती कुठली! माथ्याजवळचे पापुद्रे चाकांच्या ओढीने आडवे होतात, दाणे लांबट, चपटे होत जातात. कडकपणामुळे झीज कमी होते हे खरे, पण चीरही याच आडव्या थरांतून पसरते.

इंजिनाचे चाक जागीच फिरले तर आणखी वाईट. माथा क्षणात तापतो आणि खालचे थंड पोलाद ती उष्णता शोषून घेते. लोहार विळ्याला पाणी पाजतो, तसाच प्रकार. त्यातून काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो. आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो काळवंडत नाही, पांढराच राहतो. जाडी बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तेवढा थर चीर खोल जाण्याआधी घासून काढला, तर रूळ बदलावा लागत नाही.