‘खाली’ म्हणजे नेमके कोठे?

जमाखर्चाच्या पानांआधी हे एक पान आम्ही निराळ्या विषयास दिले आहे. महाड व पोलादपूर तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या भगिनी स्त्रीरोग विभागात बहुधा एवढेच सांगतात, की ‘खालून रक्त जाते’. संकोच समजण्याजोगा आहे. परंतु ‘खाली’ हे एक ठिकाण नव्हे.

स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियास ‘भग’ म्हणतात. ‘योनी’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, तो वस्तुतः आतील मार्गाचा आहे. बाहेरून दोन जाड ओष्ठ, त्यांच्या आत दोन पातळ ओष्ठ व ते पुढे जेथे मिळतात तेथे शिश्निका. पातळ ओष्ठांच्या मध्ये पुढे मूत्रद्वार, त्यामागे योनिमुख आणि ओष्ठांच्या बाहेर, सर्वांत मागे गुदद्वार. मूत्र व मासिक पाळी यांचा मार्ग एकच, हा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. रक्त मूत्रमार्गातून, योनिमार्गातून की गुदद्वारातून, यावर पुढील सारे उपचार ठरतात. मूळव्याध समजून अंगावर काढलेला रक्तस्राव योनिमार्गातील निघाला आणि पाळी कायमची थांबलेली असली, तर थेंबभर रक्तही कर्करोगाच्या शंकेने तपासावे लागते.

गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तक्रार ५५ टक्के स्त्रियांनी सांगितली होती, स्त्रीरोग मात्र ९२ टक्के स्त्रियांत आढळला. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या.

केसपेपरवरील दिशांचेही असेच आहे. ‘अग्र’ म्हणजे पोटाची बाजू, ‘पश्च’ म्हणजे पाठीची. रुग्ण उताणी झोपलेली असली तरी दिशा उभ्या माणसाच्या धरतात, आणि डावे-उजवे रुग्णाचे, पाहणाऱ्याचे नव्हे. आम्ही वाणिज्य शाखेचे; बँकेत भरलेली रक्कम आमच्या वहीत बँकेच्या नावे, तर पासबुकात जमा दिसते, त्यावरून आम्हांस हे उमगले. ‘अंग बाहेर येते’ या तक्रारीत कधी योनिमार्गाची अग्रभिंत सैल होऊन मूत्राशय उतरलेले असते, तर कधी पश्चभिंत सैल होऊन गुदाशय पुढे आलेले असते. शस्त्रक्रिया त्यानुसार बदलते.

नातेवाइकांस विनंती, की तपासणीच्या वेळी उत्तरे रुग्णास स्वतः देऊ द्यावीत. शब्द न सुचल्यास परिचारिकेकडील चित्राच्या तक्त्यावर बोट ठेवून जागा दाखविता येते.