जपानच्या लहान गावात मराठी संसार

आर्णी, आमच्या प्रतिनिधीकडून : भारत व जपान यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये पाच वर्षांत ५० हजार कुशल भारतीयांना जपानमध्ये पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. कापूस आणि सोयाबीनच्या भावावर वर्षाचे गणित अवलंबून असलेल्या आर्णीसारख्या तालुक्यातील पदविकाधारक तरुणाला हा आकडा मोहात पाडणारा आहे. येनचे रुपयांत किती होतात, हा हिशेब लगेच मांडला जातो. बायको-मुलांचे काय, हा प्रश्न मात्र बहुधा व्हिसा हाती पडल्यावरच पुढे येतो.

त्याचे उत्तर व्हिसाच्या प्रकारात दडलेले आहे. अभियंता किंवा तत्सम पदवीधर नोकरदाराला पत्नी व मुलांना सोबत नेता येते. एप्रिल २०१९ पासून सुरू झालेल्या ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसाच्या पहिल्या श्रेणीत मात्र ही मुभा नाही. रुग्णसेवा, शेती, अन्नप्रक्रिया अशा कामांसाठी जाणारे बहुतेक जण याच श्रेणीत मोडतात आणि तिची सर्वसाधारण मुदत पाच वर्षांची आहे. वरची परीक्षा देऊन दुसऱ्या श्रेणीत गेल्यावरच कुटुंब नेता येते. मध्यस्थाला पैसे मोजण्यापूर्वी ही एक गोष्ट विचारून घेणे शहाणपणाचे.

जपानमध्ये २०२४ अखेर ५० हजारांहून अधिक भारतीय होते. टोकियोच्या एदोगावा विभागातील निशि-कासाई परिसरात भारतीय किराणा मिळतो, सणवार साजरे होतात, भारतीय शाळाही जवळपास आहेत. परंतु कारखाने, शेते आणि वृद्धांची निवासस्थाने विखुरली आहेत ती लहान गावांत, आणि तेथे गेलेले कुटुंब अनेकदा गावातील एकमेव भारतीय कुटुंब असते.

पहिले काम नगर कार्यालयातले. घर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत पत्त्याची नोंद करावी लागते. नोकरदाराला त्याच्या संस्थेचा आरोग्य विमा मिळतो. उपचाराच्या खर्चापैकी साधारणतः ३० टक्के रुग्णाने भरायचे असतात आणि मुलांच्या बाबतीत त्यातलाही बराचसा भार स्थानिक संस्था उचलते. सोयी उत्तम, यात शंका नाही. फक्त सर्व अर्ज, सूचना आणि वेळापत्रके जपानी लिपीत असतात.

त्यात सर्वांत आधी गाठ पडते ती कचऱ्याशी. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, कागद अशी विभागणी आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. वार चुकला की पिशवी जागच्या जागी राहते, तीही सर्व शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. तोकुशिमा प्रांतातील कामिकात्सु या गावाने २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा संकल्प सोडला आणि तेथे कचऱ्याचे चाळीसहून अधिक प्रकार वेगळे केले जातात. सर्वत्र इतकी काटेकोर विभागणी नसते, ही दिलाशाची बाब. वस्तीच्या मंडळाची सूचनावही घरोघर फिरते. आपण वाचून पुढच्या घरी नेऊन द्यायची. गवत कापण्यासाठी एखाद्या रविवारी सकाळी सर्वांनी जमायचे असते. तेथे खुरपे घेऊन उभी राहिलेली मराठी गृहिणी गावात लवकर ओळखीची होते.

स्वयंपाकघराची अडचण तूरडाळ आणि कणकेपुरती असेल तर ती टपालाने मागवता येते. खरी पंचाईत शाकाहाऱ्यांची. वरणासारख्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही माशांचा अर्क असतो. सरकारी प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण सर्वांना एकच असते आणि मुलेच ते एकमेकांना वाढतात. आपल्या मुलासाठी घरचा डबा हवा असेल तर शिक्षकांना ते समजावून सांगावे लागते, आणि वर्गात एकट्यानेच वेगळे खायचे हे सहा वर्षांच्या मुलाला समजावणे त्याहून कठीण.

तरीही शाळेत सर्वांत लवकर रुळतात ती मुलेच. परदेशी मुलांवर शिक्षणाची कायदेशीर सक्ती नाही. पण पालकांनी मागितल्यास सरकारी शाळेत विनाशुल्क प्रवेश मिळतो. मुले गटाने चालत शाळेत जातात, वर्ग स्वतः झाडतात, भूकंपाचा सराव करतात. पहिल्या वर्षी ८० आणि प्राथमिक शाळा संपेपर्यंत १,०२६ कांजी चिन्हे शिकायची असतात. दोन-तीन वर्षांत मूल अस्खलित जपानी बोलू लागते आणि दवाखान्यात आईचा दुभाषा होते. येथे घराचा तोल बदलतो. वडील दिवसभर कामावर, मूल शाळेत, आणि आईला आश्रित व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येते. भाषा न येणाऱ्या आईचे जग घरापुरते आक्रसते. लहान गावात बस दुर्मीळ. भारतीय वाहनपरवाना जपानी करून घेण्याची लेखी परीक्षाही ऑक्टोबर २०२५ पासून कठीण झाली आहे. दरम्यान मुलाची मराठी ‘आई, भूक लागली’ इतपतच उरते.

पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावाच्या परिषदेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातील त्सुचिउरा येथील सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. जपानी शिकण्यास त्यांनी पुण्यातच सुरुवात केली होती, हे त्यांच्या यशाकडे पाहताना विसरले जाते. विदर्भाने उलटा प्रवासही पाहिला आहे. ओकायामा प्रांतात जन्मलेले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई १९६०च्या दशकात नागपुरात आले आणि पुढे भारतीय नागरिक झाले. अर्थात, भिक्षूला मुलांच्या शाळेची चिंता नसते.

म्हणून निघण्यापूर्वीचे सहा महिने नोकरदाराइतकेच त्याच्या पत्नीनेही जपानी शिकण्यात घालवावेत. किमान हिरागाना व काताकाना या दोन लिपी इथूनच शिकून गेल्यास औषधाची पुडी आणि शाळेची चिठ्ठी अगदीच परकी वाटत नाही.

आई-वडिलांना मात्र सोबत नेता येत नाही. सामान्यतः एका भेटीत ९० दिवसांपर्यंतच त्यांना राहता येते. उरतो तो फोन. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तेथे रात्रीचे आठ वाजतात, जेवणे आटोपतात, तेव्हा आर्णीत दुपारचे साडेचार झालेले असतात आणि आजोबा अजून वावरातच असतात.